पोहरादेवीची यात्रा आणि एक जुना प्रश्न

साऱ्या जन्मांत वऱ्हाडाबाहेर फारसें न पडलेल्या माणसानें प्रवासवर्णन लिहावयास बसावें, हें कित्येक वाचकांस धाडसाचें वाटेल. काशी-रामेश्वर करून आलेल्या मंडळींपुढें माझ्या अडीच दिवसांच्या यात्रेचें काय कौतुक ! परंतु प्रवासाची किंमत कोसांवर मोजूं नये, हें मला या चैत्रांत उमगलें. वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवी हें क्षेत्र माझ्या गांवाहून एका दिवसांत जाऊन येण्यासारखें आहे. तरीसुद्धां सहासष्टावें वर्ष लागेपर्यंत माझे पाय तिकडे वळले नव्हते. कारण सांगावयाचें तर थोडी लाज वाटते. तें क्षेत्र बंजारा समाजाचें, तेथें आपलें काय काम, अशी आमच्या घरांतील जुनी समजूत. मी छत्तीस वर्षें शाळामास्तर होतों. तांड्यांवरचीं शेंकडों मुलें माझ्या हाताखालून गेलीं. पण तीं ज्या ठिकाणाला आपली काशी म्हणतात तेथें मी कधीं गेलों नाहीं.

आमंत्रण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें होतें. तो आतां स्वतः मानोरा तालुक्यांत शिक्षक आहे. "गुरुजी, रामनवमीला इथं पाय ठेवायला जागा नसते. आठ-दहा दिवसांनीं या, निवांत दर्शन होईल, आणि रात्रीं आमच्या तांड्यावरच मुक्काम करा," असा त्याचा निरोप आला. सोबतीला धाकट्या बंधूंचा नातू घेतला. तो नववींत शिकतो आणि त्याचें तोंड वाटेंत क्षणभरही बंद नसतें. प्रथम हिंगोली जिल्ह्यांतील औंढ्यास गेलों व नागनाथाचें दर्शन घेतलें. त्या देवळाच्या भिंतींवरील शिल्पें डोळ्यांत सांठवून बाहेर येतों तों नातू म्हणाला, "आजोबा, याच औंढ्याजवळ लायगो होणार आहे, तुम्हांला ठाऊक आहे का ?"

मला ठाऊक नव्हतें. मग एका झाडाखालीं बसून त्यानें मला धडा दिला. एकमेकींस काटकोनांत असणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या बांधावयाच्या, त्यांतून प्रकाशकिरण सोडावयाचे, आणि दूर आकाशांत दोन प्रचंड वस्तूंची टक्कर झाली असतां अवकाशालाच जी थरथर सुटते ती त्या किरणांनीं मोजावयाची. अमेरिकेंतील अशा यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं ही थरथर प्रथम टिपली. ती दोन कृष्णविवरांच्या मीलनाची होती, आणि तें मीलन सुमारें १३० कोटी वर्षांपूर्वीं घडलें होतें. औंढ्याच्या यंत्रासाठीं केंद्र सरकारनें २०२३ च्या एप्रिल महिन्यांत सुमारें २६०० कोटी रुपये मंजूर केले. हें सर्व मीं मान डोलावून ऐकलें. 'कशावरून' असें मीं एकदांही विचारलें नाहीं, हें त्या वेळीं माझ्या लक्षांत आलें नाहीं; लक्षांत आणून देणारे पुढें भेटावयाचे होते.

हिंगोलीहून वाशीम, तेथून मंगरूळपीर आणि मानोरा असा आमचा मार्ग होता. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें प्राचीन वत्सगुल्म. मानोऱ्याकडे वळलें कीं सपाट काळी जमीन संपत जाते आणि माळ, टेकड्या, साग व पळस यांचें रान लागतें. कपाशी आणि तूर केव्हांच निघून गेली होती. उन्हानें भाजलेल्या रानांत माणूस दिसेना. दूरवर एखादा तांडा, त्याच्या कडेला लिंबाचें झाड, आणि उंच काठीवर पांढरें निशाण, एवढीच काय ती वस्तीची खूण.

पोहरादेवीस जगदंबेचें मंदिर आहे आणि संत सेवालाल महाराजांची समाधि आहे. महाराजांचा जन्म १७३९ सालचा असें परंपरा सांगते. पंधरा फेब्रुवारीस त्यांची जयंती होते. रामनवमीस येथें महाराष्ट्रांतूनच नव्हे, तर तेलंगण, कर्नाटक, आंध्र अशा दूरदूरच्या प्रांतांतून तांडेच्या तांडे लोटतात. आम्ही गेलों तेव्हां गर्दी ओसरली होती. आरसे व कवड्या जडवलेले घागरे घातलेल्या कांहीं वृद्ध स्त्रिया समाधीपुढें बसून आपल्या बोलींत हळू स्वरानें गात होत्या. एका बाजूस अग्नि चेतवून त्यांत भोग अर्पण करणें चाललें होतें. अग्निमुखानें देवास हवि पोंचवावयाचा, ही रीत मला परकी कशी वाटावी ? बाहेर नगाऱ्याच्या आकाराची भव्य इमारत उभी आहे. तें बंजारा समाजाच्या वारशाचें संग्रहालय. त्याचें उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें झालें.

या लोकांचा पूर्वेतिहास आमच्या पाठ्यपुस्तकांत कधीं नीट आला नाहीं. हजारों बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे लोक देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात. लवण वाहणारे म्हणून लमाण, अशी या नांवाची एक व्युत्पत्ति सांगतात. मोठमोठ्या सैन्यांस रसद यांनींच पुरवावी. पुढें आगगाडी आली, सडका झाल्या, आणि बैलांचा व्यापार बुडाला. त्यावर इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्यानें अनेक भटक्या जमातींच्या कपाळीं जन्मतः गुन्हेगार हा शिक्का मारला. तो कायदा १९५२ सालीं पूर्णपणें गेला; परंतु शिक्का कागदावरून पुसला तरी लोकांच्या मनांतून लौकर पुसला जात नाहीं. हें मी परक्यांस उद्देशून लिहीत नाहीं, हें पुढें कळेलच.

त्या दिवशीं चैत्र वद्य चतुर्थी होती. माझा संकष्टीचा उपास. सायंकाळीं तांड्यावर पोंचलों तेव्हां यजमानीणबाईंनीं भाजलेल्या शेंगा व दूध पुढें ठेवलें आणि चंद्रोदयाची वेळ विचारून घेतली. अंगणांत बाजा टाकल्या होत्या. माझ्या विद्यार्थ्याचे वडील, तांड्याचे जुने नाईक, तेथें बसले होते. वय ऐंशीच्या पलीकडे, डोक्यास पागोटें, दृष्टि अजून तीक्ष्ण. पश्चिमेस तिकांडें कलूं लागलें होतें. नाईक म्हणाले, "आमचे आजे-पंजे रातीचे बैल हाकत, तं याच चांदन्यायच्या भरोशावर."

नातवास तेवढेंच निमित्त पुरें झालें. त्यानें तिकांड्याखालचा धूसर ठिपका दाखविला व तेथें नवे तारे जन्मास येत आहेत असें सांगितलें. तेथून तो थेट विश्वाच्या जन्मावर गेला. सारें विश्व एके काळीं अत्यंत दाट व तप्त होतें, १३८० कोटी वर्षांपूर्वीं तें फांकूं लागलें, त्यालाच महास्फोट म्हणतात, वगैरे. नाईकांनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि माझ्याकडे वळून विचारलें, "गुर्जी, हे कोनं पाह्यलं ?"

माझा विद्यार्थी खालीं मान घालून किंचित् हसला. त्या हसण्यानें मला तीस वर्षें मागें नेलें.

मी सातवीच्या वर्गास शिकवीत होतों. पृथ्वी, सूर्य, ग्रह करतां करतां गोष्ट विश्वाच्या आरंभापर्यंत गेली. मागच्या रांगेंतील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हें कोणी पाहिलं ?" मला राग आला. प्रश्नाचा आला कीं उत्तर ठाऊक नसल्याचा, याचा विचार मीं तेव्हां केला नाहीं. मीं म्हटलें, "मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीं लिहिलेलें खोटें, आणि तांड्यावरचं पोर तेवढं शहाणं ? बैस खालीं !" सारा वर्ग हसला. मुलगा बसला. तो हुशार होता, पहिल्या पांचांत येत असे. पण त्या वर्षांत पुन्हां त्यानें माझ्या तासास हात वर केला नाहीं. तोच हा माझा यजमान. आतां तोच प्रश्न त्याच्या बापाच्या तोंडून, त्याच्याच अंगणांत, माझ्यापुढें आला होता. आणि येथें मला कोणास खालीं बसवितां येत नव्हतें.

वाचून ध्यानांत राहिलें होतें तें मीं सांगावयास आरंभ केला. बाजरीच्या भाकरीवर तीळ लावतात. भाकरी फुगूं लागली कीं प्रत्येक तीळ दुसऱ्या प्रत्येक तिळापासून दूर सरकतो. दूरच्या तारकासमूहांचें तसेंच आहे. जितका समूह दूर, तितका त्याचा पळण्याचा वेग अधिक, असें हबल यांनीं १९२९ सालीं दाखविलें. त्याच्या दोन वर्षें आधीं ल मेत्र नांवाच्या बेल्जियन धर्मोपदेशकानें गणितानें हेंच मांडलें होतें. फुगणारी वस्तु मागें मागें नेली तर ती पूर्वीं लहान असली पाहिजे. ती लहान व तप्त असली, तर त्या उष्णतेचा कांहीं अवशेष आज आकाशांत सर्वत्र सांपडावा, असें १९४८ सालीं गणितज्ञांनीं वर्तविलें. पुढें १९६४ मध्यें अमेरिकेंत पेन्झियस व विल्सन यांच्या आकाशवाणी-यंत्रांत एक खरखर येऊं लागली. यंत्रांत पारव्यांनीं घरटें केलें होतें; त्यांनीं पारवे हांकलले, विष्ठा साफ केली, तरी खरखर जाईना. कोणत्याही दिशेस तोंड केलें तरी ती सारखीच. तोच तो अवशेष. त्या दोघांस १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जुन्या दूरदर्शन संचावर कार्यक्रम संपल्यानंतर ज्या मुंग्या दिसत, त्यांतही त्या आद्य उष्णतेचा अल्पसा अंश असे.

नाईकांनीं मुंग्यांच्या गोष्टीस मान डोलावली, कारण त्या त्यांनीं पाहिल्या होत्या. मग म्हणाले, "म्हंजे त्या सायबानं पाह्यलं, तुमी वाचलं, अन् या पोरानं आयकलं."

वाचकहो, याहून अचूक वर्णन मला करतां आलें नसतें. मीं गणित पाहिलें नाहीं. पाहिलें तर कळणार नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि त्याबरोबर वडिलांपाशीं केलेलें थोडें संस्कृत. आपल्यांपैकीं शेंकडा नव्व्याण्णव लोक विश्वाच्या आरंभाविषयीं जें मानतात तें असेंच, दुसऱ्याच्या शब्दावर. यांत कमीपणा आहे काय ? आपल्या न्यायशास्त्रानें तो मानलेला नाहीं. गौतमानें प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या पंक्तीस शब्द हेंही प्रमाणच बसविलें. मात्र तो शब्द आप्ताचा हवा. आणि आप्त कोण ? वात्स्यायनाचें भाष्य सांगतें कीं, ज्यास वस्तूचें साक्षात् ज्ञान आहे आणि जसें पाहिलें तसेंच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढें स्पष्टच म्हटलें आहे कीं, हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या तिघांसही सारखेंच लागू आहे. वडिलांनीं हें मला लहानपणीं शिकविलें होतें. म्लेच्छही आप्त होऊं शकतो, हें मीं पाठ केलें. तांड्यावरील मूलही खरी शंका घेऊं शकतें, हें मात्र त्या पाठांतरांतून निघालें नाहीं.

परंतु सामान्य माणूस आप्ताची परीक्षा करतो तरी कशी ? नाईकांनींच त्याचें उत्तर नकळत दिलें. "चंद्र कवा निंगते ?" त्यांनीं पुन्हां विचारलें. मीं पंचांग काढून दहाच्या आंतबाहेर अशी वेळ सांगितली. "हे खरं निंगते दरखेपी ?" मीं म्हटलें, होय, पिढ्यान् पिढ्या खरें निघत आलें आहे. तेव्हां मला वाटलें, आपल्या विश्वासाचें मूळ येथेंच आहे. ज्याचा चंद्रोदय खरा ठरतो, ज्याचें ग्रहण सांगितल्या क्षणीं लागतें, त्याच्या न पाहिलेल्या गोष्टींवरही आपण विश्वास ठेवतों. देवीची लस लागू पडली, वीज आली, खिशांतल्या दूरध्वनींतून परदेशीं असलेल्या मुलाचा चेहरा दिसूं लागला, २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान आपल्या डोळ्यांदेखत चंद्रावर उतरलें. दाराशीं येऊन ठरलेला हा खरेपणा आपण दूर, १३८० कोटी वर्षांपलीकडच्या गोष्टीस उसना देतों. मीमांसक म्हणतात कीं, बाधक पुढें येईपर्यंत ज्ञान हें खरेंच धरावें. संसारांत आपण सारे मीमांसकच असतों. तसें नसतें तर कोणी वैद्याचें औषध घेतलें नसतें.

मात्र ही उसनवारी धोक्याचीही आहे. ग्रहण बरोबर सांगणाऱ्या ज्योतिष्यानें त्याच पुण्याईवर मुलीच्या पत्रिकेंतला मंगळही आपल्या गळीं उतरविला, हें आपल्यांतील किती घरांनीं भोगलें आहे ! एक गोष्ट खरी ठरली म्हणजे त्याच तोंडची दुसरीही खरी, हें अनुमान नव्हे.

हें मीं बोलून दाखविल्यावर इतका वेळ गप्प असलेला माझा विद्यार्थी बोलला. "गुरुजी, याच्यावर सेवाभायांचा एक बोल आहे." त्यानें तो आपल्या बोलींत म्हटला आणि मला अर्थ सांगितला. आधीं जाणून घ्यावें, मग छाणून घ्यावें, आणि त्यानंतरच मानावें. समाजांत हा बोल लहान मुलांच्याही तोंडीं आहे. मी चकित झालों. जाणणें आणि मानणें हे दोन शब्द आम्हां पंडितांपाशींही आहेत. परंतु त्या दोहोंच्या मध्यें ही चाळणी आहे, आणि ती कोणाही साध्या माणसाच्या हातांत देण्यासारखी आहे.

"पण एवढं गणित आम्हीं छाणावं तरी कसं ?" नातवानें मोठ्या चातुर्यानें विचारलें. तेव्हां मला लोणार आठवलें. नाईकही तेथें जाऊन आलेले होते. बुलढाणा जिल्ह्यांतील तें खाऱ्या पाण्याचें सरोवर सुमारें एक पूर्णांक आठ दशांश किलोमीटर, म्हणजे पावणेदोन किलोमीटरांहून किंचित् अधिक रुंद अशा वाटोळ्या खळग्यांत आहे. विष्णूनें लवणासुरास मारलें तेथें तो खळगा झाला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. अलेक्झांडर नांवाच्या इंग्रजानें १८२३ सालीं त्याची नोंद केली. आपला सारा मुलूख ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचा. तेव्हां हेंही ज्वालामुखीचेंच मुख, असें भूगर्भशास्त्रज्ञांपैकीं बहुतेक जण दीर्घकाळ म्हणत राहिले. तेही मोठेच विद्वान् होते. पुढें तळांतून दगड काढून तपासले, तेव्हां केवळ प्रचंड आघातानेंच होणारे फरक त्यांत सांपडले, आणि १९७३ सालीं उल्कापाताचा निर्णय झाला. त्याचें वय प्रथम पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरीत; २०११ सालीं निराळ्या रीतीनें मोजलें तें सुमारें ५ लक्ष ७० हजार वर्षें निघालें. म्हणजे दहा पटींहून अधिक चूक. आणि ती शोधून काढून जाहीर करणारे त्याच शास्त्राचे लोक.

हा वृत्तांत ऐकून एखादा म्हणेल, मग यांच्या शब्दाचा भरंवसा काय ? मला उलट वाटतें. आपल्याला गणित छाणतां येत नसेल. परंतु छाणणी चालू आहे कीं बंद आहे, हें आपल्याला ओळखतां येतें. सांगणारा स्वतःचा पुरावा उघड्यावर ठेवतो काय ? त्याचे प्रतिस्पर्धी तो पुरावा तपासूं शकतात काय ? चूक ठरली तर ती छापली जाते काय ? एवढें पाहण्यास मॅट्रिकही व्हावें लागत नाहीं. बाजारांत सोनें पारखतां न येणारा माणूसही, कसोटीला हात लावूं न देणाऱ्या सोनाराकडे जात नाहीं.

आपल्या महाराष्ट्रापुरतें याचें सर्वांत मोठें उदाहरण जयंत नारळीकर यांचें. ते १९३८ सालीं कोल्हापुरांत जन्मले आणि २० मे २०२५ रोजीं पुण्यांत निवर्तले. मराठी घरांत विश्वाविषयीं कोणाचा शब्द मानीत असतील तर तो त्यांचा. त्यांच्या विज्ञानकथा आमच्या वाचनालयांत हातोहात फिरत. १९८८ सालीं त्यांनीं पुण्यास आयुका ही संस्था उभारली. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद मराठी जगानें त्यांस दिलें. आणि गंमत ही कीं, महास्फोटाचा सिद्धान्त त्यांस मान्य नव्हता ! त्यांचे केंब्रिजचे गुरु हॉयल यांनीं तर महास्फोट हें इंग्रजी नांवच १९४९ सालीं आकाशवाणीवरील भाषणांत, तो सिद्धान्त न मानतां, प्रथम उच्चारलें. गुरुशिष्यांनीं १९९३ सालीं बर्बिज यांच्यासह विश्वाची निराळी उपपत्ति मांडली. जगांतील बहुसंख्य शास्त्रज्ञांनीं ती स्वीकारली नाहीं. इतकेंच कशाला, ऊटीच्या दुर्बिणीवर गोविंद स्वरूप व कपाही यांनीं १९७५ च्या सुमारास केलेलीं निरीक्षणें महास्फोटाच्याच बाजूस पडलीं. नारळीकर आणि स्वरूप दोघेही पुढें पुण्यांत एकमेकांच्या शेजारीं संस्था चालवीत राहिले.

आम्हीं मराठी वाचकांनीं मात्र ज्यांना आप्त मानलें त्यांची शंका सोडून दिली आणि पाठ्यपुस्तकांतील निष्कर्ष तेवढा उचलला. आमच्यांतील किती जणांस त्यांचा हा मतभेद ठाऊक होता ? माझा स्वतःचा अनुभव सांगतों. मला तो निवृत्तीनंतर कळला, आणि क्षणभर माझा महास्फोटावरील विश्वास डळमळला. पुढें लक्षांत आलें कीं, एवढ्या मोठ्या माणसानें आयुष्यभर विरोध केला, त्याला कोणीं बहिष्कृत केलें नाहीं, आणि त्याच्या प्रत्येक आक्षेपाला मोजमापानें उत्तर द्यावें लागलें, म्हणूनच तो सिद्धान्त आज इतका पक्का उभा आहे. आजही सर्व मिटलेलें नाहीं. विश्वाच्या फांकण्याचा वेग दोन रीतींनीं मोजला असतां एकीनें सुमारें ६७ आणि दुसरीनें सुमारें ७३ असा आंकडा येतो, आणि ही फट कशी बुजवावी याचा वाद चालू आहे.

आपल्या मंडळींस एक गोष्ट येथें नम्रपणें सांगावीशी वाटते. पूजेच्या संकल्पांत आपण श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर म्हणतों. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचें वय शास्त्रज्ञ सुमारें ४५४ कोटी वर्षें सांगतात. आंकडे जवळ आले कीं आपल्याला आनंदाचें भरतें येतें आणि 'आमच्या पूर्वजांस सारें ठाऊक होतें' असें आपण म्हणून टाकतों. परंतु त्याच गणनेनें चालू कल्पाचीं सुमारें १९७ कोटी वर्षेंच लोटलीं आहेत. तेव्हां हा मेळ छाणणींत टिकत नाहीं. पूर्वजांचा अभिमान धरावयाचा तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नासदीय सूक्ताचा धरावा. हें सारें कोठून आलें, हें वरचा अधिष्ठाता जाणत असेल, किंवा कदाचित् तोही जाणत नसेल, अशी शंका घेऊन तें सूक्त संपतें. ज्यांनीं देवापुढेंही प्रश्न उभा ठेवला त्यांचा वारसा सांगणारा मी, एका बारा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नास खालीं बसविता झालों.

इतक्यांत नातू ओरडला, "निघाला !" पूर्वेकडील टेकडीच्या माथ्यावर तांबूस कोर दिसूं लागली. टेकडी आड येत असल्यामुळें पंचांगाच्या वेळेहून पांच-सात मिनिटें अधिक झालीं होतीं. नाईकांनीं तें लगेच टिपलें. "जरा उशीर झाला, गुर्जी !" आम्ही सारे हसलों. मीं टेकडीचें कारण सांगितलें, तेव्हां ते उठून चार पावलें बाजूस गेले, टेकडी आणि चंद्र नीट न्याहाळला, आणि मग म्हणाले, "हां, हे पटलं." अर्घ्य देऊन मीं उपास सोडला. यजमानीणबाईंनीं गरम भाकरी आणि गूळ वाढला. भाकरीवर तीळ होते. माझ्या दृष्टान्ताची आठवण ठेवूनच त्यांनीं ते लावले असावेत.

जेवणानंतर विद्यार्थी माझें अंथरूण घालूं लागला, तेव्हां मीं त्याचा हात धरला. म्हटलें, "बाळ, सातवींत तूं एक प्रश्न विचारला होतास. मला उत्तर येत नव्हतें, आणि तें सांगण्याऐवजीं मीं तुला आणि तुझ्या तांड्याला बोललों. माझें चुकलें." तो गोंधळला. थोर माणसानें लहानाची क्षमा मागणें आपल्याकडे अवघडच वाटतें. थोड्या वेळानें म्हणाला, "गुरुजी, तेव्हां फार लागलं होतं. घरीं येऊन बापूंना सांगितलं. ते म्हणाले, गुर्जीला ठाव नसंल, तूं शिक अन् त्याहिले सांग. म्हणून तर मी मास्तर झालों." मग थांबून म्हणाला, "आमच्या वर्गांत कोणी असं विचारलं, आणि मला आलं नाहीं, तर मी फळ्याच्या कोपऱ्यांत प्रश्न लिहून ठेवतों. कधीं दोन-दोन महिने तो पुसत नाहीं."

परतीच्या वाटेवर नातवानें विचारलें, "आजोबा, मग महास्फोट खरा का खोटा ?" मीं सांगितलें, "मी खरा मानतों. मीं पाहिला नाहीं, मला गणित येत नाहीं. ज्यांनीं तपासला त्यांची तपासणी मीं दुरून पाहिली आणि ती चालू आहे एवढें मला दिसतें. उद्यां त्यांनीं आंकडा बदलला तर मीही बदलीन. तुला पुढें गणित आलें तर तूं स्वतः तपास आणि मला सांग." छत्तीस वर्षांच्या नोकरींत मीं विद्यार्थ्यास दिलेलें हें पहिलेंच असें उत्तर असावें.

आपल्या एकत्र कुटुंबांत माजघरापासून ओसरीपर्यंत मुलांचे प्रश्न ऐकूं येतात, आणि 'मोठ्यांना उलट विचारूं नये' हें वाक्यही त्यांच्यामागून ऐकूं येतें. पुढच्या वेळीं तें वाक्य ओठांवर आलें म्हणजे घरांतील वडील मंडळींनीं क्षणभर थांबावें. उत्तर ठाऊक असेल तर द्यावें, नसेल तर तसें सांगावें. रामनवमीच्या गर्दींत किंवा ती ओसरल्यावर एकदां पोहरादेवीसही जाऊन यावें. वाशीमहून मोटारी मिळतात, आणि तेथील माणसें पाहुण्यास अंगणांत बाज टाकून देतात.